राख कोणत्या सालची?

चाकणच्या कारखान्यांत क्वालिटीचं काम करणाऱ्या माणसाला एक सवय लागते. समोर आलेला नग कितीही सुबक असो, तोंडातून पहिला प्रश्न निघतो, ‘टॅग कुठाय?’ कोणत्या हीटचं पोलाद, कोणती बॅच, कोणती शिफ्ट, कोणतं मशीन. टॅग नसेल तर माप बरोबर असूनही नग लाल पेटीत जातो. त्याच्यात दोष असतो असं नाही, पण तो कुठून आला हे सांगता येत नाही. याला आम्ही ट्रेसेबिलिटी म्हणतो. ऑडिटच्या आठवड्यात हा शब्द शिवीसारखा ऐकू येतो.

आदिमानवाच्या अभ्यासातही जवळपास सगळं याच एका प्रश्नावर अडतं, हे मला कळलं ते एका गावामुळे. गावाचं नाव बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर. आमच्या कुरुळीहून साठ-सत्तर किलोमीटर असेल. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत जायचं आणि कुकडीच्या काठाला लागायचं. १९८०च्या दशकात तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना दगडी हत्यारं सापडली आणि त्यांच्याच सोबतीला नदीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ती राख किती जुनी, या प्रश्नाला आजवर मिळालेली मुख्य उत्तरं अशी : १४ लाख वर्षं, ६ लाख ७० हजार वर्षं आणि ७५ हजार वर्षं. म्हणजे एकाच नगाची तीन मापं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं सगळ्यात लहानाच्या अठरापट.

आमच्याकडे असं झालं तर लाइन बंद पडेल.

या भांडणाआधी थोडी पट्टी लावून घेऊ, कारण ‘लाख वर्षं’ म्हटलं की डोळ्यांसमोर काहीच येत नाही. आमचं सगळं मिलिमीटरमध्ये चालतं, म्हणून मी एका वर्षाला एक मिलिमीटर धरतो. पट्टीचं टोक कुरुळी फाट्यावर ठेवायचं आणि नाशिक हायवेने मागच्या काळात जायचं. माझं आत्तापर्यंतचं आयुष्य तीन सेंटिमीटर. शाइस्ताखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला ते १६६० साल साडेछत्तीस सेंटिमीटरवर. शेजारच्या आळंदीत ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ते १२९६ साल पाऊण मीटरच्याही आत. घोड नदीकाठचं इनामगाव, जिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणून ताम्रपाषाणयुगातलं अख्खं शेतकरी गाव उजेडात आणलं, ते साधारण इसवीसनपूर्व १६०० पासूनचं, म्हणजे ३.६ मीटरवर. ज्या इतिहासावरून आपण एकमेकांची डोकी फोडतो तो सगळाच्या सगळा एका चौदा फुटी टेम्पोच्या हौद्यात मावतो.

त्यानंतर मात्र गाडी काढावी लागते. आपली जात, होमो सेपियन्स, साधारण ३०० मीटरवर दिसू लागते. होमो इरेक्टस हा ताठ चालणारा, मोठ्या डोक्याचा पूर्वज जेमतेम दोन किलोमीटरवर. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा जिथे फुटल्या ती जागा साठ ते सत्तर लाख वर्षं मागे, म्हणजे चाकणच्या चौकाच्या आसपास. आणि शेपटीवाल्या माकडांची वाट आपल्या आणि चिंपांझीच्या सामाईक पूर्वजांपासून फुटली ती अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी, राजगुरुनगर ओलांडून खेड घाटापाशी.

‘माणूस माकडापासून झाला, तर आताची माकडं माणूस का होत नाहीत?’ हा कँटीनमधला लाडका प्रश्न इथे निकालात निघतो. झाडावरचं माकड तुमचं आजोबा नाही, चुलत-चुलत भावंड आहे. खेड घाटात वाट फुटल्यावर तेही तेवढाच रस्ता चालून आजच्या दिवसापर्यंत आलंय, फक्त दुसऱ्या वाटेने. या गोंधळात थोडा दोष आपल्या शब्दांचाही आहे. गावात वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं जनावर आणि माकड म्हणजे लाल तोंडाचं. पुस्तकात मात्र चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या बिनशेपटीच्या मंडळींनाही वानरच म्हणतात. त्यामुळे ‘वानरापासून माणूस’ वाचलं की पोराच्या डोळ्यांपुढे देवळाच्या कळसावर बसलेला हुप्प्या येतो आणि पुढचं सगळं बिनसतं.

आता हत्यारांकडे. बोरीला सापडलेली हत्यारं अश्युलियन पद्धतीची आहेत. हातकुऱ्हाड हा त्यांतला ओळखीचा प्रकार : बदामाच्या किंवा थेंबाच्या आकाराचा, दोन्ही अंगांनी छिलके काढून घडवलेला, मुठीत धरायचा दगड. असली हत्यारं सगळ्यात आधी आफ्रिकेत मिळतात, केनियातली सर्वांत जुनी साडेसतरा लाख वर्षांची. भारतात रॉबर्ट ब्रूस फूट याला १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लवरमला पहिली पुराश्मयुगीन हत्यारं सापडली. महाराष्ट्रात गंगापूर, नेवाशाजवळचं चिरकी, मोरगाव अशा बऱ्याच ठिकाणी ती आहेत. चिरकीला गुद्रुन कोर्विनुस या जर्मन बाईंनी १९६०च्या दशकात प्रवरेच्या काठाने चालून चालून दोन हजारांवर हत्यारं नोंदवली. पुढे त्या इथिओपियात गेल्या आणि तिथे त्याहून कितीतरी जुनी हत्यारं शोधणाऱ्यांत त्यांचं नाव आलं.

पण दगड फुटलेला आहे म्हणजे तो माणसानेच फोडला कशावरून? नदी दगड आपटते, डोंगरावरून दगड घरंगळतो. अभ्यासक पाहतात ती खूण घावाची असते. नेमक्या जागी, नेमक्या कोनात ठोका बसला की निघालेल्या छिलक्याच्या पोटावर एक फुगवटा उरतो आणि त्याच्याभोवती पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा. बरीच वर्षं वाटायचं की ही खूण म्हणजे मानवी हाताची सही. मग २०१६ मध्ये ब्राझीलमधल्या कॅपुचिन माकडांवरचा अभ्यास आला. ती माकडं दगडावर दगड आपटताना अगदी असलेच धारदार छिलके पाडत होती आणि त्यांचा काही उपयोगही करत नव्हती. २०२३ मध्ये थायलंडमधल्या लांब शेपटीच्या मकाकांबद्दलही तेच कळलं : पामची फळं फोडताना चुकून छिलके पडतात. मला ही बातमी फार आवडली, कारण प्राइमेटांचा अभ्यास करणाऱ्यांनी पुरातत्त्ववाल्यांचा गेज पुन्हा कॅलिब्रेट करायला लावला. सुट्या छिलक्यावरून आता पैज लावता येत नाही. हातकुऱ्हाड मात्र त्यातून वाचते. एकच आकार डोक्यात धरून दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस घाव घालायला अजून तरी कुठलंच माकड बसलेलं नाही.

म्हणजे बोरीला कुणीतरी होतं, यात वाद नाही. वाद फक्त कधीचा.

आणि इथे दगड स्वतः काहीच मदत करत नाही. बोरीची हत्यारं आपल्याच काळ्या पाषाणाची, बेसाल्टची. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या पट्टीवर तो ६६ किलोमीटरवर पडतो, म्हणजे आळेफाट्याच्या आसपास. बोरी तिथून जवळच, हा निव्वळ योगायोग. हत्याराचा दगड प्रयोगशाळेत दिला तर लाव्हा कधी थिजला ते कळेल, दगड कधी फोडला ते नाही. कोळशाची कार्बन-१४ पद्धत पन्नासेक हजार वर्षांपुढे चालत नाही. हत्याराच्या मालकाचं हाड म्हणाल तर तेही नाही. त्या काळातली माणसाची कवटी भारतात मिळाली ती १९८२ मध्ये नर्मदाकाठी हथनोऱ्याला, अरुण सोनकिया यांना, आणि तीही अर्धीमुर्धी.

उरला थर. नदी गाळ आणते, खाली टाकते, पुढच्या पुराचा गाळ त्यावर बसतो. त्यामुळे खालचं आधीचं, वरचं नंतरचं. हत्यार कोणत्या थरात, किती खोलीवर, कशाच्या खाली पडलं होतं, हाच त्याचा टॅग. हत्यार उचलून घरी आणलं की टॅग तुटला. मग ते कितीही देखणं असो, शोकेसमधला दगड. त्यातही नदी मोठी लबाड. जुना काठ कोसळवून त्यातले दगड ती नव्या भरडीत मिसळते, म्हणून दगडांच्या कडा धारदार आहेत की वाहून गोल झाल्यात हे बघावं लागतं.

राखेचं महत्त्व यात आहे. गाळ बसायला शतकं लागतात. राख काही दिवसांत पडते आणि हजारो किलोमीटरवर एकाच वेळी पडते. राखेच्या थराचं वय कळलं की त्याच्याखालचं सगळं त्याहून जुनं, असं ठामपणे म्हणता येतं. शिवाय राखेत घड्याळ असतं. पोटॅशियमचा एक प्रकार फार सावकाश आर्गॉन वायूत बदलत राहतो. ज्वालामुखीतला रस पातळ असताना वायू उडून जातो आणि घड्याळ शून्यावर येतं. रस थिजला की आर्गॉन पुन्हा साठायला लागतो. किती साठला ते मोजा, वय मिळतं.

१९८९ मध्ये रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा, शरद राजगुरू आणि सहकाऱ्यांनी बोरीच्या राखेचं वय जाहीर केलं : १४ लाख वर्षं, अडीचेक लाख इकडेतिकडे. खळबळ उडणारच होती. इतकी जुनी हातकुऱ्हाड आफ्रिकेबाहेर म्हणजे तिकडून निघालेले लोक फारसे न रेंगाळता थेट सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन ठेपले, असा अर्थ झाला असता.

मग दोन-चार वर्षांतच दुसरी बाजू उभी राहिली. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर टोबा नावाचं सरोवर आहे, जवळजवळ शंभर किलोमीटर लांब. ते मुळात ज्वालामुखीचं तोंड. सुमारे ७४-७५ हजार वर्षांपूर्वी तिथे झालेला स्फोट गेल्या वीस लाख वर्षांतला सगळ्यात मोठा मानतात. इथून तीन हजार किलोमीटरहून दूर, तरीही त्याची राख भारतभर नद्यांच्या काठांत मिळते. प्रत्येक स्फोटाच्या राखेतल्या काचेच्या कणांचं रसायन थोडं वेगळं असतं, बोटाच्या ठशासारखं. बोरीच्या कणांचा ठसा या टोबाच्या राखेशी जुळतो, असं काही भूवैज्ञानिकांनी दाखवलं. म्हणजे वय ७५ हजार. हायवेवर दीड किलोमीटर पुढे उभी केलेली खूण एकदम फाट्याजवळ ७५ मीटरवर आली.

१९९५ साल तर ऐकण्यासारखं आहे. त्या एकाच वर्षी एका निबंधात शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी नव्याने मोजून ६ लाख ७० हजार हे वय मांडलं. दुसऱ्या निबंधात शेन, वेस्टगेट, विल्यम्स आणि कोरीसेट्टर यांनी ठशाच्या आधारे राख ७५ हजारांचीच असल्याचं म्हटलं. हो, तेच कोरीसेट्टर. १४ लाखांच्या निबंधावर ज्यांचं नाव पहिलं होतं. सहा वर्षांत त्यांची सही अठरापट लहान आकड्याखाली आली. आपल्याकडे अशा माणसाला ‘पलटला’ म्हणतात. मला तर एवढ्या आकड्यांत तेच सगळ्यात विश्वासार्ह वाटलं.

मग दोघांतलं चुकलं कोण? आक्षेप भेसळीचा होता. बोरीच्या आजूबाजूला ६.६ कोटी वर्षांचा बेसाल्ट पसरलेला. नदीने त्याचे बारीक कण राखेत मिसळले तर? साधं गणित करा. पोटॅशियम सारखंच धरलं, तर नमुन्यात ६.६ कोटींचे कण फक्त एक टक्का असले तरी वय साडेसहा लाखांनी फुगतं. बेसाल्टमध्ये पोटॅशियम कमी, म्हणून भेसळ जरा जास्त लागेल, पण मुद्दा कळतो. समोरच्या बाजूचंही उत्तर दुबळं नाही. नमुना टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्यातला वायू वेगळा मोजतात. भेसळ असेल तर ती तिथे उघडी पडायला हवी. शिवाय टोबा एकदाच फुटला असं नाही. पाच लाख आणि आठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारासही तो फुटला होता, आणि एकाच घरातल्या भावांसारखे त्या राखांचे ठसेही एकमेकांशी मिळतेजुळते. १९९८ मध्ये वेस्टगेट आणि मंडळींनी भारतातली सगळी टोबाची राख ७५ हजारांचीच, असा निर्वाळा दिला. २०११ मध्ये मिश्रा यांच्या गटाने बोरी आणि मोरगावची राख पुन्हा मोजली आणि सात-आठ लाखांचे आकडे आले. त्यांचं म्हणणं, ही आठ लाखांच्या जुन्या स्फोटाची राख.

एक गोष्ट मात्र वादाच्या धुरळ्यात विसरली जाते. राख ७५ हजारांची निघाली तरी तिच्याखालची हत्यारं ७५ हजारांची ठरत नाहीत. ती ‘७५ हजारांहून जुनी’ एवढंच ठरतं. किती जुनी, ते राख सांगत नाही. २०११ मध्येच तमिळनाडूतल्या अत्तिरम्पाक्कमची अश्युलियन हत्यारं शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी अगदी वेगळ्या पद्धतीने मोजली आणि सुमारे १५ लाख वर्षं हे उत्तर आलं. तेव्हापासून ‘भारतात इतकं जुनं असूच शकत नाही’ हा आक्षेप बाद झालाय. पण शेजाऱ्याचा रिपोर्ट जोडून आपला नग पास होत नाही. बोरीला बोरीचाच पुरावा लागणार. फोनवर जे फिरतं त्याला हे सांगून उपयोग नसतो. ज्या आकड्याला शून्यं जास्त, तोच पुढे ढकलला जातो.

गुरुवारी आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी असते. अशाच एका गुरुवारी एका मित्राला मागे बसवून बोरीला गेलो. नदीकाठाने खालीवर करताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हटकलं.

“काय शोधताय पाव्हणं?”

“ती पांढरी राख, बाबा.”

“ती व्हय. कॉलेजवाले यायचे तिकडं. दिसभर उन्हात बसायचे. दगूड उचलायचा, बगायचा, वहीत लिवायचं आन् हुता तिथंच ठिवायचा. आमाला वाटायचं, येडी हाईत.”

त्यांनी हात केला त्या बाजूला काठात राख दिसली. करड्या-तपकिरी गाळात पांढुरकी पट्टी. रांगोळीइतकी बारीक. मित्राने विचारलं, थोडी पुडीत घेऊ का? मी नको म्हटलं. आकाशातून आलेली ती पूड ७५ हजारांची की आठ लाखांची, हे पुडीतून कधीच कळणार नव्हतं.

कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, आणि आमची इंद्रायणी तुळापूरला त्याच भीमेला. ही सगळी एकाच खोऱ्यातली भावंडं. त्यांच्या काठांत, जुन्या पात्रांत अशाच भरडीचे, गाळाचे थर आहेत. चाकण-म्हाळुंग्यापासून आमच्या दारापर्यंत गेली वीस-पंचवीस वर्षं जमीन सपाट करण्याचं काम चालू आहे. माझाही पगार त्याच सपाट केलेल्या जमिनीवर होतो, म्हणून मी काही तो थांबवा असं म्हणत नाही. पण जेसीबीच्या बकेटीला मुरूम आणि पाच लाख वर्षांची भरड यांतला फरक कळत नाही, आणि दोन्ही एकाच हायवामध्ये भरून एकाच गोदामाच्या पायात जातात. खणलेल्या चरात कधी पांढुरका पट्टा दिसला, किंवा दोन्ही बाजूंनी घडवलेला बदामी दगड दिसला, तर तो उचलू नका. शेजारी किल्ली किंवा नाणं ठेवून फोटो काढा, एक जवळून आणि एक अख्खा काठ दिसेल असा, लोकेशन चालू ठेवून. शंभर वर्षांहून जुन्या मानवनिर्मित वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, ते सोडाच. तो फोटो हाच त्या दगडाचा टॅग असेल. मग पुण्यातल्या पुरातत्त्वाच्या लोकांना कळवा.

आंध्रातल्या ज्वालापुरमला काय झालं ते सांगायचं राहिलं. कर्नूलकडच्या त्या खोऱ्यातही टोबाची राख आहे, काही ठिकाणी अडीच मीटर जाड. मायकेल पेट्राग्लिया आणि पुन्हा आपले कोरीसेट्टर यांच्या गटाने तिथे राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे हत्यारं शोधली. ती बरीचशी एकसारखी निघाली. त्या स्फोटाने माणूस जवळजवळ संपला होता असं मानणाऱ्यांना २००७ मध्ये त्यांनी विचारलं, मग राखेवर पुन्हा तीच हत्यारं कोण घडवत होतं? हा सगळा थर त्यांना नीट वाचता आला, कारण गावकऱ्यांनी राख काढायला आधीच मोठमोठे खड्डे खणून ठेवले होते. भांडी घासायच्या पावडरीला ती उत्तम चालते. अभ्यासक एका भिंतीला पट्टी लावून थर मोजत होते, आणि पलीकडे पोत्यांत भरून तीच राख बाजारात निघाली होती.